रिपोर्टभर ‘आर’ आले, तरी आईसाठी औषध आहे

पत्र: आईचं वय ६८, वजन ५८ किलो. मधुमेहाला पंधरा वर्षं झाली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली. आधी दोन्ही वेळा मेडिकलमधून सेफिक्झिम आणून दिलं, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवलं. या वेळी कल्चर केलं. ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, ईएसबीएल पॉझिटिव्ह. अ‍ॅम्पिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, को-ट्रायमोक्सॅझोल सगळ्यांपुढे ‘आर’. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, ॲमिकॅसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, एर्टापेनेम, मेरोपेनेम यांच्यापुढे ‘एस’. क्रिएटिनिन १.१. ताप, थंडी, उलटी नाही, पाठ दुखत नाही, जेवण नीट जातं; पण जळजळ आहे आणि रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं. एका डॉक्टरांनी मेरोपेनेमसाठी दहा दिवस अ‍ॅडमिट व्हायला सांगितलं, दुसऱ्यांनी फॅरोपेनेमच्या गोळ्या लिहिल्या. भाऊ जॉर्जिया देशातल्या फाज उपचारांचं वाचत बसलाय. आईवर आता औषधच चालणार नाही का? – एक लेक, सांगली जिल्हा

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. औषध चालणार आहे. ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो. तुमच्या यादीत सहा औषधांपुढे ‘एस’ आहे आणि त्यातली दोन तोंडाने घ्यायची आहेत. तुम्ही लिहिलेली लक्षणं मूत्राशयापुरत्या संसर्गाची आहेत, आणि त्याला दहा दिवस मेरोपेनेम लागत नाही. डॉक्टरांकडे परत जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: ‘संसर्ग मूत्राशयातच आहे की मूत्रपिंडापर्यंत गेलाय? मूत्राशयातच असेल तर फॉस्फोमायसिन किंवा नायट्रोफ्युरँटॉइन देता येईल का?’ पत्रावरून आईला तपासता येत नाही. पोटावर, पाठीवर हात ठेवून बघायचं काम त्यांचंच. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय अ‍ॅडमिट होऊ नका.

असा रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर ‘आर’ मोजण्यात अडकते. औषध ठरवताना जंतू कोणता याइतकंच तो कुठे आहे हेही बघावं लागतं. त्याच ई. कोलायसाठी मूत्राशयात एक पाकीट पुरू शकतं आणि रक्तात उतरला तर सुईवाटे कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातलं औषध लागतं. रिपोर्ट दोन्ही वेळी अक्षरशः सारखा दिसतो.

‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ म्हणजे या जंतूकडे असं एन्झाइम आहे जे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांची मधली कडी तोडतं. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन त्यामुळेच निकामी होतात. या एन्झाइमचं जनुक बहुतेकदा प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, आणि त्याच कड्यावर इतर गटांच्या औषधांविरुद्धची जनुकंही असू शकतात. म्हणून एका ओळीने इतके ‘आर’ पडतात. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं आणि फॉस्फोमायसिन पेशीभित्तिका बनण्याची अगदी पहिली पायरीच बंद पाडतं. ईएसबीएल या दोघांचं काही बिघडवू शकत नाही. मेरोपेनेम, एर्टापेनेम ही कार्बापेनेम औषधंही ते तोडू शकत नाही.

अर्धवट सेफिक्झिममुळेच हे झालं का, अशी रुखरुख तुमच्या पत्रात जाणवते. त्या गोळ्यांनी आतड्यातले साधे जंतू मरून दांडग्या जंतूंना जागा मिळाली असणं शक्य आहे. पण असे जंतू गोळी न खाल्लेल्या माणसांच्या आतड्यातही आपल्याकडे सर्रास सापडतात. झालं ते झालं, फक्त यापुढे कल्चर दिल्याशिवाय गोळी नको. सेफिक्झिम मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नसतं, आणि विकलं की डॉक्टर, रुग्ण आणि किती दिलं याची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते.

गोळीकडे वळण्याआधी क्रिएटिनिनकडे बघू. १.१ हा आकडा लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ रकान्यात बसतो, म्हणून कुणी पुढे जात नाही. पण औषधाचा डोस ठरतो तो मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतंय त्यावर. हिशोब घरी करून बघा. १४० मधून वय वजा करा, ७२ आले. त्याला वजनाने गुणा, ४१७६. आता ७२ ला क्रिएटिनिनने गुणा, ७९.२. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की ५२.७ येतात, आणि स्त्रियांसाठी त्याला ०.८५ ने गुणायचं. उत्तर मिनिटाला ४५ मिलीलिटरच्या आसपास, यालाच क्लिअरन्स म्हणतात. म्हणजे आईची मूत्रपिंडं दिसतात त्यापेक्षा बरीच मंदावलेली आहेत. हा एक आकडा कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा, पुढच्या प्रत्येक औषधाला तो लागणार आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात फारसं साठत नाही, मूत्रपिंडातून थेट लघवीत उतरतं आणि तिथेच काम करतं. मूत्रपिंड मंदावलं की लघवीत पुरेसं पोचत नाही आणि अंगात त्रास मात्र वाढतो. ३० च्या खाली ते देत नाहीत. ४५ च्या खाली बरेच डॉक्टर हात आखडता घेतात, पण जंतू असा चिवट असेल तर ३० ते ४४ मध्येही थोड्या दिवसांचा कोर्स विचारपूर्वक देतात. आई अगदी त्या उंबरठ्यावर आहे. नेहमीचा डोस सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. जेवणाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळतं आणि शोषणही कमी होतं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. खोकला, धाप, ताप सुरू झाला तर मात्र गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवा, फुप्फुसावर क्वचित परिणाम होतो. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना हे औषध चालत नाही. आणखी एक गोष्ट, पंधरा वर्षांच्या मधुमेहात तळपाय जळजळणं, मुंग्या येणं हे आधीपासून असू शकतं. या औषधाने नसांचा तो त्रास वाढू शकतो. आईला तसं होत असेल तर आवर्जून सांगा.

इथे एक चूक अगदी नेहमी होते. जळजळ थांबावी म्हणून सोबत डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं गुलाबी-केशरी सिरप दिलं जातं. जळजळ त्याने कमी होते हे खरं, पण ते लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्लधर्मी लघवीत चांगला चालतो. एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची धार घालवायची, असं होतं. ते सिरप या पाच दिवसांत बाजूला ठेवता येईल का, विचारा. धने-जिऱ्याचं पाणी चालेल.

तुमच्या आईचं वय, मधुमेह आणि तो ४५ चा आकडा बघता फॉस्फोमायसिनचं पारडं जड वाटतं. ते ३ ग्रॅमच्या पाकिटात पावडर म्हणून येतं. रात्री जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यायचे, लघवीला जाऊन यायचं, अर्धा पेला साध्या पाण्यात पावडर ढवळायची, लगेच प्यायची आणि झोपायचं. पाणी गरम नको. रात्रभर औषध मूत्राशयात टिकावं म्हणून ही वेळ. आई रात्री पाच-सहा वेळा उठते, म्हणून निजण्याआधीचे दोन तास पाणी बेताने आणि दिवसा भरपूर, असं करा. साध्या संसर्गाला एक पाकीट. मधुमेहासारखी गुंतागुंत असेल तर काही डॉक्टर दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकूण तीन पाकिटं देतात. एक-दोन दिवस जुलाब होऊ शकतात. आराम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर ‘काही फरक नाही’ म्हणून दुसरं औषध सुरू करू नका. हे औषध ई. कोलायपुरतंच धरा. रिपोर्टमध्ये क्लेबसिएला असता तर ‘एस’ दिसूनही भरवसा ठेवता आला नसता, कारण त्या जंतूकडे फॉस्फोमायसिन निष्प्रभ करणारं जनुक बहुधा जात्याच असतं.

या दोन्ही औषधांची मर्यादा तेवढीच ठळक लक्षात ठेवा. दोन्ही मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत. म्हणून थंडी वाजून ताप, हुडहुडी, एका बाजूला बरगडीखाली ठणका, उलट्या, अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं किंवा सारखी गुंगी, श्वास जोरात चालणं, लघवी अगदी कमी होणं, यातलं काहीही झालं तर पाकिटावर विसंबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. मधुमेहात मूत्रपिंडात वायू धरणारा एक फार घातक संसर्ग होतो, तो सोनोग्राफीत निसटू शकतो आणि सीटी स्कॅनमध्ये नीट दिसतो. ताप आलेल्या मधुमेही बाईला ‘उन्हाळीच आहे, उतरेल’ म्हणून घरी ठेवणं परवडणारं नाही. अशा आजारपणात जेवण बंद झालं तर ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालूच राहिलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचू शकतात. म्हणून उलट्या-उपास सुरू झाले की साखरेच्या गोळ्यांबद्दल लगेच फोन करून विचारा.

त्या अवस्थेत कार्बापेनेम हेच योग्य औषध, आणि तिथे चालढकल नको. पहिली सुई टोचण्याआधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलं जाईल हे बघा. प्रकृती स्थिर असेल तर एर्टापेनेम सोयीचं पडतं. १ ग्रॅम, दिवसातून एकदाच, अर्ध्या तासात सलाईनमधून. पहिला डोस दवाखान्यात, मग रोज तासाभरासाठी डे-केअरला जाऊनही कोर्स पुरा करता येतो, मेरोपेनेमसारखं दर आठ तासांनी टोचावं लागत नाही. नर्सबाई औषध भरताना एवढं बघा: कुपी १० मिलीलिटर पाण्यात किंवा नॉर्मल सलाईनमध्ये विरघळवून ५० मिलीलिटर नॉर्मल सलाईनमध्ये मिसळतात. डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये हे औषध टिकत नाही. क्लिअरन्स ३० किंवा त्याखाली गेला तर डोस अर्धा, ५०० मिलिग्रॅम. रुग्णाला फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते आधी सांगायचं, कार्बापेनेममुळे रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरतं आणि फिट येऊ शकते. रक्तदाब पडलेला असेल, आयसीयूची वेळ असेल, तर मात्र मेरोपेनेमच.

किती दिवस, यावर घरचे आणि डॉक्टर दोघंही थोडे सैल असतात. ताप उतरला, माणूस जेवायला लागला, अडथळा किंवा गळू नाही, तर गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गालाही एकूण सात दिवस पुरतात. मोजायला सुरुवात लागू पडणारं पहिलं औषध गेलं त्या दिवसापासून. आधी तीन दिवस सेफ्ट्रिॲक्झोन गेलं असेल तर ते तीन दिवस मोजायचे नाहीत.

ॲमिकॅसिनचं काय? मूत्राशयाच्या संसर्गासाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे आईला साधारण ८७० मिलिग्रॅम, अशी एकच सुई हा पर्याय पुस्तकात आहे आणि गोळ्या चालत नसतील तर उपयोगीही आहे. एका डोसने सहसा काही बिघडत नाही. रोज रोज दिलं तर मूत्रपिंड आणि कान दोन्हींना धोका, आणि आईचं मूत्रपिंड आधीच मंद. पाच-सात दिवस ॲमिकॅसिन कुणी सुचवलं तर क्रिएटिनिन मध्येच पुन्हा तपासणार का, हे विचारा.

आता पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे ‘एस’ आहे, म्हणून स्वस्तात काम होईल असं वाटतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत असेच जंतू रक्तात असलेल्या रुग्णांना एका बाजूला हे औषध आणि दुसऱ्या बाजूला मेरोपेनेम दिलं. तीस दिवसांत मृत्यू पहिल्या गटात १२.३ टक्के, दुसऱ्यात ३.७ टक्के. प्रयोगशाळेतल्या थाळीवर जंतू थोडे असतात, त्यांच्यासमोर औषध टिकतं. अंगात जंतूंची संख्या प्रचंड, तिथे एन्झाइमही तेवढंच. म्हणून ईएसबीएलच्या गंभीर संसर्गात हा ‘एस’ मानायचा नाही. सेफेपिम आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांच्यापुढे कधी ‘एस’ दिसला तरी हेच.

रिपोर्टमध्ये ‘एस’च्या शेजारी एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला ते औषध कमीत कमी किती लागतं याचे आकडे छापलेले असतात. सगळ्यात लहान आकडा ज्याच्यापुढे ते सगळ्यात जालीम औषध, असं समजून बरेच जण निवड करतात. तसं नसतं. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी. एखाद्याचा १६ हा उत्तम असू शकतो आणि दुसऱ्याचा १ हा काठावरचा. आकड्यांची तुलना एकाच औषधाच्या सीमारेषेशी करायची, शेजारच्या औषधाशी नाही.

फॅरोपेनेमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तुमच्या आईला आत्ता ते नको. गोळीतून मिळणारं, पेनेम गटातलं, म्हणून आपल्याकडे ते भरपूर लिहिलं जातं. पण ईएसबीएल संसर्गात ते नक्की किती चालतं याचा पुरावा तोकडा आहे, आणि ते कार्बापेनेमचं जवळचं भावंड. त्याच्या सरावाने जंतू मेरोपेनेमलाही दाद देईनासे होतील ही भीती अनाठायी नाही. हातात दोन चांगली, जुनी, तोंडाने घ्यायची औषधं ‘एस’ असताना राखीव फळीला हात कशाला लावायचा?

तुमच्या भीतीमागे जो खरा बागुलबुवा आहे तो म्हणजे मेरोपेनेमलाही ‘आर’. आईचा जंतू तिथे पोचलेला नाही, पण तसा रिपोर्ट आला तरी हातपाय गाळायचे नसतात. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा क्लेबसिएला सापडला. त्याच्यावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या जंतूच्या कार्बापेनेम तोडणाऱ्या एन्झाइमला एनडीएम-१ नाव पडलं. आपल्याकडे एनडीएम आणि ओएक्सए-४८ जातीची एन्झाइम जास्त आढळतात, आणि कोणतं आहे हे पीसीआर चाचणीने कळतं. ती चाचणी इथे हौसेची नाही, उपचार तिच्यावर ठरतो. ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही. एनडीएमला ॲझ्ट्रिओनाम हे औषध तोडता येत नाही, पण सोबत असलेलं ईएसबीएल ते तोडतं, आणि ॲव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलला अडवतं. म्हणून दोन्ही औषधं एकत्र देतात. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम २.५ ग्रॅम, ॲझ्ट्रिओनाम २ ग्रॅम, दर आठ तासांनी, तीन-तीन तास संथ, आणि दोन्ही एकाच वेळी चालू. एक सकाळी आणि एक दुपारी असं दिलं तर सगळा हेतूच फसतो. कॉलिस्टिन हा त्याच्याही मागचा, मूत्रपिंडाला जड जाणारा पर्याय. ते इतकं मोलाचं राहिलंय म्हणूनच २०१९ मध्ये सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली.

नव्या औषधांत आपल्या लोकांचंही काम आहे. ईएसबीएलला अडवणारं एनमेटाझोबॅक्टम चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलं, आणि सेफेपिमसोबतच्या त्याच्या जोडीला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सेफेपिमच्याच जोडीने द्यायचं झिडेबॅक्टम छत्रपती संभाजीनगरच्या वोकहार्ट संशोधन केंद्रातलं. आईच्या आजच्या दुखण्यासाठी यातलं काही लागणार नाही.

भावाला फाजबद्दल एवढं सांगा. फाज म्हणजे फक्त जंतूंना मारणारे विषाणू. जॉर्जियातल्या तिबिलिसीची एलियावा संस्था १९२३ पासून हेच काम करते आहे, त्यामुळे हे थोतांड नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे हॅनकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच नोंदवलं होतं. पण फाज जंतूच्या नेमक्या वाणावर चालतो, तो जुळवून घ्यावा लागतो. तिबिलिसीतच झालेल्या एका नीट आखलेल्या चाचणीत प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होणाऱ्या, मूत्रसंसर्ग असलेल्या पुरुषांच्या मूत्राशयात फाजचं मिश्रण सोडलं होतं. २०२१ मध्ये निकाल आला: नुसतं पाण्यासारखं द्रव सोडलेल्या गटापेक्षा ते सरस ठरलं नाही. सगळी औषधं संपल्यावर, तज्ज्ञांच्या हाताखाली विचार करायची ही वाट आहे. फॉस्फोमायसिन ‘एस’ असताना विमानाचं तिकीट काढायची नाही.

औषध पुरं झालं आणि आईला बरं वाटलं, की पुढची चूक दारात उभी असते: ‘जंतू गेला का बघू’ म्हणून पुन्हा कल्चर. करू नका. मधुमेही आणि वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असणं फार सामान्य आहे. त्याला औषध दिल्याने पुढचा संसर्ग टळत नाही, फक्त जंतू आणखी चिवट होतात. गरोदर बाई आणि मूत्रमार्गातून दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया, एवढेच नेहमीचे अपवाद. लघवीला वास आला, गढूळ दिसली, पस सेल्स १५-२० आल्या, यातलं एकटं कुठलंच कारण औषधाला पुरेसं नाही. आईला त्रास असेल तरच नमुना द्यायचा.

आणि तो नीट द्यायचा, कारण निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. लॅबची निर्जंतुक डबीच हवी. हात धुवून, जागा साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली २०-३० मिलीलिटर डबीत धरायची, डबीच्या काठाला आतून बोट लागू द्यायचं नाही. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. गावाहून तालुक्याला न्यायला वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून न्या. बाहेर चार तास राहिलेल्या नमुन्यात जंतू आपोआप वाढतात आणि लाखाचा आकडा खोटाच दिसतो. एकाच नमुन्यात तीन-चार जातींचे जंतू निघाले तर नमुना बिघडला समजून पुन्हा द्यायचा. आणि हे सगळं अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी.

आठ महिन्यांत तीन वेळा, म्हणजे नुसतं या वेळचं बरं करून भागणार नाही. सोनोग्राफी करा आणि ‘लघवीला जाऊन आल्यावर किती शिल्लक राहते’ हे लिहून द्यायला सांगा. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात आणि लघवी तुंबून राहते. १५० मिलीलिटरच्या वर उरत असेल तर तेच मूळ. तोपर्यंत आईला सांगा, एकदा झाल्यावर दोन मिनिटं तसंच बसून, थोडं पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करायचा. मुतखडा असला तर त्याच्या आत जंतू दडून बसतात आणि खडा निघेपर्यंत औषधाचा उपयोग तात्पुरता राहतो.

पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडतो, तिथले संरक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू नाहीसे होतात आणि आतड्यातल्या ई. कोलायला वाट मोकळी होते. एस्ट्रिऑल या स्त्री-संप्रेरकाचं क्रीम योनिमार्गात लावणं हा या वयातला सगळ्यात दुर्लक्षित आणि चांगला पुरावा असलेला उपाय. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, आणि नेमके तेवढ्यात कंटाळून बायका सोडून देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी विचारा. हा विषय आया लेकींशी बोलत नाहीत, डॉक्टरांशी तर नाहीच. तुम्हालाच तो काढावा लागेल. त्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बुरशीचा संसर्ग नाही ना, हेही बघून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिनने लघवीतून साखर जाते आणि त्या जागी बुरशी, खाज, जळजळ होऊ शकते. ती जळजळ आणि उन्हाळी यांत आईला फरक कळणार नाही, आणि बुरशीला अँटिबायोटिक दिलं तर ती उलट वाढते.

मेथेनॅमिन हिप्युरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा, हा वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी अँटिबायोटिक नसलेला पर्याय आहे. आम्लधर्मी लघवीत त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकपेक्षा ते कमी पडलं नाही. आईच्या मूत्रपिंडाचा आकडा सांगूनच विचारा, आणि त्या सायट्रेटच्या सिरपबरोबर ते चालत नाही. क्रॅनबेरीने काही बायकांना फायदा होतो, पण बाटलीतला रस साखरेने भरलेला, आईला नको. डी-मॅनोजवर पैसे घालू नका, २०२४ च्या चाचणीत ते रिकाम्या पावडरीइतकंच ठरलं.

पुढे कधी को-ट्रायमोक्सॅझोल ‘एस’ आलं आणि कुणी लिहिलं, तर टेल्मिसार्टन चालू आहे हे सांगा. दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतात. ग्लिमेपिराइडसोबत साखरही खाली जाते, सिप्रो-लिव्होबरोबरही तेच.

घरात आईची भांडी, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. हे जंतू आतड्यात महिनोन्‌महिने राहतात, म्हणून संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, एवढं घरातल्या सगळ्यांनी पाळायचं.

आणि आजच एक काम करा. आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहा: ‘ईएसबीएल ई. कोलाय’, रिपोर्टची तारीख, चाललेलं औषध, क्लिअरन्स ४५. मोतीबिंदू असो की पडून हाड मोडलेलं असो, पुढे कुठेही अ‍ॅडमिट करताना हे पान आधी दाखवा. रात्री दोन वाजता ताप घेऊन पोचलात, तर कल्चरचा रिपोर्ट यायला लागणारे दोन-तीन दिवस सेफ्ट्रिॲक्झोनवर वाया जाणार नाहीत.